अँजिओग्राफी नॉर्मल आली, तरी छातीत दुखतं. असं का?

अँजिओग्राफीत हृदयाच्या फक्त मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या त्यात दिसतच नाहीत, आणि बऱ्याचदा दुखणं तिथलंच असतं: चालताना, जिना चढताना त्या पुरेशा रुंदावत नाहीत. दुसरं कारण म्हणजे मोठी वाहिनी अचानक आवळणं. हे दुखणं बहुधा बसल्या-झोपल्या, पहाटेच्या सुमारास येतं, सिगारेटने वाढतं.

निदानासाठी कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओग्राफी होते) प्रेशर वायर, म्हणजे दाब मोजणारी बारीक तार, वाहिनीत घालून अ‍ॅडेनोसिन हे वाहिन्या रुंदावणारं औषध देतात. रक्तप्रवाह दुपटीनेही वाढला नाही किंवा आयएमआर (बारीक वाहिन्यांतल्या अडथळ्याचं माप) 25 च्या वर गेला, तर दोष बारीक वाहिन्यांत. आवळणं पकडायला अ‍ॅसिटिलकोलीन चाचणी, म्हणजे हे औषध देऊन वाहिनी आवळते का ते पाहणं. ती सगळीकडे होत नाही, आधी विचारून घ्या.

'गॅस आहे' म्हणून सोडू नका. आवळण्याच्या प्रकारात नुसत्या बीटा ब्लॉकरने (हृदयाचे ठोके कमी करणारं औषध) त्रास वाढू शकतो, म्हणून प्रकार कळणं महत्त्वाचं. दुखणं थांबतच नसेल तर थेट इमर्जन्सी.