आधी पेपर बघायला मागा, मग ठरवा

रिझल्ट लागला की या कॉलमकडे येणारे प्रश्न एकदम बदलतात. या वेळी ठाणे, कळवा, ऐरोलीपासून नेरूळपर्यंत सगळीकडून मार्कांचेच प्रश्न आलेत, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आज फक्त त्याबद्दलच लिहितेय. जे फी आणि दिवस सांगतेय ते राज्य मंडळाचे आहेत, सीबीएसईचं शेवटी.

प्रश्न : मॅडम, मुलगी दहावीला होती, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. बाकी सगळ्या विषयांत 88 च्या वर आणि गणितात 67. ती म्हणते जॉमेट्रीचा पेपर पूर्ण सोडवलाय, एवढे कमी येणं शक्यच नाही. नीट जेवत पण नाहीये. मिस्टर म्हणतात बोर्डाशी कोण भांडत बसणार, सोडून दे. शेजारच्या ताई म्हणाल्या डायरेक्ट रीचेकिंगला टाका. नक्की काय टाकायचं असतं? आणि उलट मार्क कमी झाले तर?

उत्तर : ताई, आधी एक हिशोब करा, कागद-पेन घेऊन. 67 मध्ये शाळेने दिलेले इंटर्नलचे मार्क आहेत, 20 पैकी. ते किती दिले ते शाळेत विचारा, सांगतील. समजा 18 दिलेत, मग दोन लेखी पेपरचे मिळून 80 पैकी 49 राहिले. आता मुलगी म्हणते तसं जॉमेट्रीत 40 पैकी 36 पडले असतील तर अल्जिब्रात फक्त 13 उरतात. आता तिला शांतपणे विचारा, अल्जिब्राचा पेपर इतका वाईट गेला होता का? गेला असेल तर पोरीला ते आठवतंच, आणि 13 पडण्यासारखा अजिबात गेला नव्हता असं ती ठामपणे सांगत असेल तर मग नक्कीच बघायला पाहिजे, तिच्या म्हणण्याला वजन आहे.

आता अर्जाचं. रीचेकिंग हा शब्द सगळे वापरतात पण बोर्डाकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच लोकांचे पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात. गुणपडताळणी म्हणजे फक्त टोटल बरोबर आहे का, आतले मार्क पहिल्या पानावर नीट उतरवलेत का, एखादं उत्तर तपासायचंच राहिलंय का एवढंच बघतात, तुमच्या मुलीचं उत्तर कोणी पुन्हा वाचत नाही. त्याची फी एका विषयाला 50 रुपये. छायाप्रत म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची कॉपी, विषयाला 400 रुपये. आणि पुनर्मूल्यांकन म्हणजे खरोखर पुन्हा तपासणं, विषयाला 300 रुपये, पण त्यासाठी आधी छायाप्रत घेतलेली असावीच लागते आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या 5 दिवसांत अर्ज करावा लागतो. म्हणजे शेजारच्या ताई म्हणतात तसं डायरेक्ट पुनर्मूल्यांकनाला टाकता येत नाही.

माझं मत विचाराल तर छायाप्रत घ्या. 400 रुपये कमी नाहीत हे मला कळतं, पण ती हातात आल्याशिवाय तुम्ही अंधारात भांडताय. अर्ज ऑनलाइन असतो, मुलगी स्वतः भरू शकते किंवा शाळेतर्फे भरता येतो, पैसे कार्डने, यूपीआयने, नेट बँकिंगने जातात. मुदत साधारण पंधरा दिवसांची असते, 2025 ला दहावीचा निकाल 13 मे ला लागला आणि अर्ज 14 ते 28 मे पर्यंत घेतले. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, साइट अडकली की जीव टांगणीला लागतो.

कॉपी आली की ती कशी बघायची हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रश्नपत्रिका शेजारी ठेवा. पहिल्या पानावरचा मार्कांचा तक्ता एका वहीत उतरवून घ्या. मग आतलं एकेक पान उलटत जा आणि प्रत्येक उत्तराशेजारी काहीतरी आकडा आहे का बघा, शून्य असला तरी चालेल पण आकडा हवा. ज्या उत्तराला ना बरोबरची खूण ना शून्य ना मार्क, ते तपासायचं राहिलंय. पुरवणी लावली असेल तर ती आधी शोधा, घाईत नजरेतून सुटायची शक्यता तिथे जास्त. मग आतले मार्क पहिल्या पानाशी जुळवा आणि टोटल तुम्ही स्वतः करा. इतकं झालं की मगच उत्तर बरोबर की चूक याकडे वळा, आणि तेही तिच्या गणिताच्या सरांना किंवा बाईंना शेजारी बसवून. मी बरीच वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे सांगते, मुलांना वाटतं आपली सिद्धता पूर्ण आहे, पण पक्ष-साध्य लिहून झालं, पायऱ्या पण आल्या आणि कंसातली कारणं लिहिलीच नाहीत, तर तिथे अर्धा-एक मार्क जातो आणि तो बरोबरच गेलेला असतो. मुलीला हे कळलं तरी 400 रुपये वसूल झाले असं मी म्हणेन, कारण तिच्या डोक्यातलं माझ्यावर अन्याय झाला हे ओझं उतरतं. आणि खरंच काही राहिलं असेल तर तुमच्या हातात पुरावा आहे.

मार्क कमी होण्याचं म्हणाल तर गुणपडताळणीत किंवा पुनर्मूल्यांकनात जे निघेल ते स्वीकारायची तयारी ठेवूनच अर्ज करायचा. म्हणून तर आधी पेपर बघा म्हणतेय.

अजून एक, जे मिस्टरांना पण सांगा. दहावीची टक्केवारी सहापैकी सगळ्यात चांगल्या पाच विषयांवर निघते, बेस्ट ऑफ फाइव्ह. बाकी सगळे 88 च्या वर आणि गणित 67 असेल तर टक्केवारीत गणित धरलंच जात नाहीये. अकरावीच्या ॲडमिशनला त्याने फारसा फरक पडणार नाही, हे मुलीला आज संध्याकाळीच समजावून सांगा, अर्धं टेन्शन तिथेच जाईल. तरी तिला पेपर बघायचाच असेल तर बघू द्या, तिचा पेपर आहे.

प्रश्न : मुलगा दहावीला सायन्समध्ये नापास झाला, थोडक्यात राहिला. ऐरोलीत एक ओळखीचा माणूस म्हणतो की माझी वाशीला ओळख आहे, पाच हजार द्या, मार्क वाढवून आणतो. बायको म्हणते देऊन टाकू, वर्ष वाया जाण्यापेक्षा बरं. काय करू?

उत्तर : भाऊ, एक रुपया देऊ नका. मुंबई विभागीय मंडळाचं ऑफिस वाशीला आहे, ठाणे, रायगड, पालघर आणि मुंबईची मुलं तिथेच येतात, त्यामुळे वाशीला ओळख आहे हे वाक्य निकालाच्या दिवसांत फार सहज खपतं. मार्क बदलायचा मार्ग वर सांगितला तोच आहे, अर्ज, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन. ज्याला खरंच मार्क बदलायचेत त्याच्यासाठी तो खुला आहे आणि त्याची रीतसर पावती मिळते. या माणसाकडून तुम्हाला पावती मिळणार आहे का तेवढं विचारून बघा. पैसे गेले तर गेले, पण मुलाचं नाव अशा प्रकरणात अडकलं तर त्याचं नुकसान वर्षाच्या नुकसानीपेक्षा मोठं आहे, हे वहिनींना माझ्यातर्फे सांगा.

आणि वर्ष वाया जातंय असं धरून का चाललात? दोन गोष्टी एकदमच करा. गुणपडताळणी आणि छायाप्रतीचा अर्ज टाका, आणि त्याच वेळी शाळेत जाऊन पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरा. पुनर्मूल्यांकनाचं काय होतंय ते बघू आणि मग फॉर्म भरू असं केलंत तर दोन्हीकडून हात रिकामे राहतील, कारण पुरवणी परीक्षा लगेच असते, 2025 ला ती 24 जूनला सुरू झाली, म्हणजे निकालानंतर सहाच आठवड्यांनी. मुलाला आत्तापासून अभ्यासाला बसवा, पुनर्मूल्यांकनात पास झाला तर उत्तमच. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, त्याची पण शाळेत चौकशी करा. आणि त्याला आत्ता रागावू नका, बोलायचं असेल तर पुरवणी परीक्षा झाल्यावर बोला.

प्रश्न : मी बारावी सायन्स, कोपरखैरणे. फिजिक्सची छायाप्रत मेलवर आली. 4 मार्कांच्या एका डेरिव्हेशनला 1 दिलाय, क्लासचे सर म्हणतात 3 तरी पाहिजे होते. टाकू का पुनर्मूल्यांकनाला? मला इंजिनीअरिंगला जायचंय.

उत्तर : टाक, पण आजच्या आज ठरव, कारण 5 दिवस छायाप्रत मिळाल्यापासून मोजतात, तू मेल उघडून बघितल्यापासून नाही. क्लासचे सर म्हणतात ते ठीक आहे पण कॉलेजच्या फिजिक्सच्या मॅडमना किंवा सरांना पण दाखव, त्यांच्यापैकी कोणी बोर्डाचे पेपर तपासत असेल तर ते डेरिव्हेशनमध्ये कुठल्या पायरीला किती मार्क मिळतात हे बरोबर सांगतील. आकृती काढली होतीस का, सुरुवातीचं सूत्र लिहिलंस का, शेवटचं समीकरण आलं का, हे एकेक बघा. त्यांचं मत लेखी घे, कुठला प्रश्न, किती पैकी किती दिले, किती मिळायला हवे होते आणि का, एवढं एका कागदावर असलं की तुझ्या अर्जाला पाया राहतो. इथे भावनेत चार पानं लिहून काहीही उपयोग नसतो. आणि हो, फिजिक्सचे लेखी 70 आणि प्रॅक्टिकलचे 30, प्रॅक्टिकलच्या मार्कांची शंका असेल तर ती कॉलेजमध्येच विचार.

आता इंजिनीअरिंगचं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांना सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर मेरिट लागतं, बारावीचं फक्त पात्रतेपुरतं बघतात, ओपनला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) मिळून 45 टक्के. तू त्याच्या काठावर असशील तर हे 2 मार्क सोन्याचे आहेत. एनआयटीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनीअरिंग कॉलेजांचा, विचार असेल तर तिथे बारावीला 75 टक्क्यांची किंवा बोर्डाच्या टॉप 20 पर्सेंटाइलची अट आहे, तिथे पण एकेक मार्क मोजावा लागतो. दोन्हीकडे आरामात पुढे असशील तर 300 रुपये घाल किंवा नको घालू, ॲडमिशनवर परिणाम नाही, तुझ्या मनाचा प्रश्न आहे. मार्क बदलले तर नवीन मार्कशीट हातात येताच ॲडमिशनच्या पोर्टलवर दुरुस्ती करून घे, आपोआप होईल असं धरून बसू नकोस.

प्रश्न : मी नौपाड्यात राहतो, वय 71. आमच्या काळात बोर्डाचा पेपर परत बघायला मिळेल असं कोणी स्वप्नात पण आणलं नव्हतं. नातीने छायाप्रत मागवली म्हणून घरात वाद झाला, मी म्हणालो परीक्षकावर अविश्वास दाखवू नये. हा खरंच मुलांचा हक्क आहे का?

उत्तर : काका, तुमचं म्हणणं तुमच्या काळाला धरून बरोबरच होतं. 1984 साली हाच वाद आपल्याच राज्य मंडळाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, उत्तरपत्रिका बघायला आणि पुन्हा तपासून मिळावी म्हणून, आणि कोर्टाने तेव्हा बोर्डाचा नियमच उचलून धरला, मुलांना तसा हक्क दिला नाही. मग 2005 ला माहितीचा अधिकार आला. आणि ऑगस्ट 2011 मध्ये सीबीएसईच्या केसमध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ज्याची ती आहे त्या विद्यार्थ्याला ती बघायला मिळाली पाहिजे. तेव्हा नातीने मागितलं ते तिच्या हक्काचं आहे. आणि अविश्वासाचं म्हणाल तर परीक्षक ठरलेल्या मुदतीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे संपवत असतो, शाळा सांभाळून, म्हणून तर त्याच्या वर नियामक नेमलेले असतात, बोर्डच मानतं की चूक होऊ शकते. पेपर मागणं म्हणजे परीक्षकाचा अपमान नाही. कॉपी आली की नातीच्या शेजारी तुम्ही पण बसा काका, टोटल करायला दुसरं माणूस लागतंच.

प्रश्न : नेरूळ. मुलगा नववीत. वार्षिक परीक्षेच्या इतिहासाच्या पेपरात टोटल 6 ने कमी धरलीय, पेपर दाखवायला बोलावलं तेव्हा मीच बघितलं. पण टीचरना बोललं तर पुढच्या वर्षी मुलावर राग काढतील अशी भीती वाटते.

उत्तर : ताई, नववीचा पेपर शाळेचा, त्यात बोर्ड येत नाही, त्यामुळे हे शाळेतच सुटेल आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत सुटतं. मुलाच्या समोर नको आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबातच नको. टीचरना एकटं गाठा, टोटल परत एकदा बघाल का प्लीज एवढंच म्हणा, पेपर त्यांच्यापुढे ठेवा. टोटल चुकली की बहुतेक शिक्षकांना स्वतःलाच वाईट वाटतं आणि लगेच दुरुस्त करतात. नाहीच ऐकलं तर मुख्याध्यापकांच्या नावे दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझल्टच्या कागदावर बदललेले मार्क चढलेत हे बघूनच घरी या.

प्रश्न : सीबीएसईला पण हेच नियम का? सानपाडा.

उत्तर : नाही, अर्ज सीबीएसईकडे करायचा आणि तिथे फी, मुदत सगळं वेगळं. 2025 पासून त्यांनी पण क्रम बदलला, आता आधी उत्तरपत्रिकेची कॉपी घ्यायची आणि ती बघून मग पडताळणी किंवा पुनर्मूल्यांकन मागायचं. तिथे मार्क एकाने जरी कमी झाला तरी तो कमी झालेलाच धरतात. या वर्षीच्या तारखा आणि फी त्यांच्या सर्क्युलरमध्ये बघा, शाळेत लावलेलं असतं.