कॅमेऱ्यांसाठी मल्टिकास्ट राउटिंग लावताना

बुटीबोरीच्या कारखान्यातील कॅमेऱ्यांचे चित्र दुसऱ्या व्हीलॅनमधील (नेटवर्कच्या वेगळ्या आभासी विभागातील) नियंत्रण कक्षात न्यायचे असेल, तर स्विचवर आधी मल्टिकास्ट राउटिंग (एकच प्रवाह मागणाऱ्या सर्वांपर्यंत नेण्याची सोय) चालू करा आणि कॅमेऱ्यांपासून कक्षापर्यंतच्या प्रत्येक लेयर ३ इंटरफेसवर (आयपी पत्ता असलेल्या जोडणीवर) पिम या मल्टिकास्ट राउटिंग प्रोटोकॉलचा स्पार्स मोड लावा; त्यात प्रवाह मागणी असेल तिथेच जातो. डेन्स मोड नकोच. मागणी नसलेल्या लिंकवरही तो आधी सगळा प्रवाह सोडतो. आरपीचा, म्हणजे स्रोत आणि प्रवाह मागणारे जिथे जोडले जातात त्या राउटरचा, पत्ता लूपबॅकवर (राउटरच्या आभासी इंटरफेसवर) ठेवा आणि तो सर्व राउटरांवर तंतोतंत एकच असू द्या.

ग्रुपचे, म्हणजे मल्टिकास्ट प्रवाहांचे, पत्ते निवडताना घाई करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खासगी वापरासाठी २३९.०.०.०/८ हा पट्टा आहे. परंतु आयपी पत्त्याचे शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात (स्विच वापरतो त्या हार्डवेअर पत्त्यात) उतरत असल्यामुळे २३९.०.०.५ चा मॅक पत्ता ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलच्या २२४.०.०.५ शी जुळतो आणि असा प्रवाह अनेक स्विच आयजीएमपी स्नूपिंग (मागणी असलेल्या पोर्टांवरच प्रवाह पाठवण्याची सोय) चालू असूनही सर्व पोर्टांवर पाठवतात. त्याऐवजी २३९.१०.१.५ सारखा पत्ता घ्या.

तरीही चित्र आले नाही, तर ‘शो आयपी एमरूट’ ही मल्टिकास्ट मार्गांचा तक्ता दाखवणारी आज्ञा देऊन पाहा. स्रोताकडे परत जाणारा युनिकास्ट (नेहमीचा, एकाच पत्त्याकडे नेणारा) मार्ग ज्या इंटरफेसवरून आहे, त्याच इंटरफेसवर पॅकेट आले नाही तर आरपीएफ (उलट मार्गाच्या) तपासणीत ते गळते. म्हणून आधी युनिकास्ट मार्ग तपासा. कॅमेऱ्यातील टीटीएल (पॅकेट किती टप्पे जाऊ शकते तो आकडा) १ असेल, तर तोही वाढवा, कारण असे पॅकेट पहिल्याच राउटरवर संपते.