कोऱ्या पानावर सही करू नकोस

प्रिय लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळा व्यवस्थापन समितीत नाव लागून वर्ष झालं, बैठक एकही पाहिली नाहीस, आणि रजिस्टर मात्र तीनदा घरी येऊन सही घेऊन गेलं. चौथ्या खेपेला पान कोरं दिसलं तेव्हा तू सही केली नाहीस. फार बरं केलंस.

मुख्याध्यापक असताना मीही ते रजिस्टर चौथीच्या पोराच्या हाती घरोघर पाठवलंय. केंद्रप्रमुख उद्या तपासणीला येणार, इतिवृत्त पूर्ण पाहिजे, एवढंच डोक्यात. एका वर्षी त्यात हंगामी वसतिगृहावर, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेल्यावर लेकरांना गावातच ठेवायच्या सोयीवर, चर्चा झाल्याचं लिहिलं. चर्चा झालीच नव्हती. लेकरांची यादी अर्धवट गेली आणि सात लेकरं आईबापामागं उसाच्या फडावर गेली. त्यातली दोन पुन्हा वर्गात आलीच नाहीत. हजेरीतले त्यांचे नंबर मला अजून पाठ आहेत.

म्हणून अध्यक्षांशी भांडण नंतर, आधी रजिस्टर. पुढच्या वेळी दारात आलं तर म्हण, "गुरुजी, बैठकीत वाचून सही करते." आवाज चढवायची गरज नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत किमान ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या बायका ठेवल्यात, त्या कागद भरायला नव्हे. बैठक दर महिन्याला व्हायला हवी, अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा असतो. तुमचे अध्यक्ष सरपंचांचे भाऊबंद आहेत हे मला कळतं. गावात रोज तोंड बघायचं असतं, हेही कळतं.

मुख्याध्यापकांना शत्रू समजू नकोस. सदस्य सचिव तेच, विषयपत्रिका तेच काढतात, आणि बहुतेक वेळा दोन वर्ग, खिचडीचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती एकाच माणसाच्या गळ्यात असते. त्यांना तक्रार घेऊन भेटू नकोस, एक विषय घेऊन भेट. अर्ज दोन ओळींचा असू दे. झेरॉक्सवर पोच घे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण तो आत्ता टाकलास तर गाव दोन्हीकडून फाटेल. तो राखून ठेव.

वेळेचंही बघ. सकाळी अकराला बैठक लावली की बाया निंदणीला, पुढं कापूस वेचायला गेलेल्या असतात. मग अध्यक्ष म्हणतात, बायांना रस नाही. संध्याकाळी सातला ठेव, भाकरी थापून त्या येतात. तू चार जणींना आदल्या दिवशी घरी जाऊन सांग. येताना सोबत घेऊन ये, खाली सतरंजीवर एका कडेला बसू देऊ नकोस. पहिल्या बैठकीत त्या बोलणार नाहीत. त्यांच्यासमोर मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायला लाव, एवढं पुरे. न झालेल्या बैठकीचं वर्णन सगळ्यांदेखत वाचणं कुणालाच सोपं जात नाही.

आणि तुझा विषय हंगामी वसतिगृहच असू दे. शौचालय, रंगकाम, कंपाउंड, सगळं महत्त्वाचं, पण ते पुढच्या महिन्यातही होईल. ऊसतोडीची टोळी हलली की लेकरू हललं. ते आजीपाशी गावात राहावं, सकाळ-संध्याकाळ त्याला जेवण मिळावं, दुपारी शाळेत खिचडी, एवढ्यासाठी ही सोय आहे आणि ती समितीच्याच हातून चालते.

पोळा होऊन आठ दिवस झाले. उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, वाटणं सुरू असेल. कोणता कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवराबायकोची जोडी, कोणत्या कारखान्यावर जाणार हे शाळेच्या आधी टोळी नेणाऱ्या मुकादमाला माहीत असतं. तुझ्या गल्लीतल्या मुकादमाच्या घरी जा, त्याच्या बायकोशी बोल, जोड्यांची नावं आणि लेकरांची इयत्ता वहीत उतरव. टोळ्या हलायच्या आत ती यादी बैठकीत ठेव, ठरावात नावानिशी लिहून घे, आणि मग खाली सही कर.

तुझे,
गुरुजी