वाचकांचे प्रश्न : गावाचं वीजबिल आणि सोलरचा पैसा

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीचं पाणीपुरवठा आणि पथदिव्यांचं वीजबिल पाणीपट्टीच्या वसुलीत भागत नाही. सोलर बसवायचा ठराव झालाय, पण पैसा कुठून उभा करायचा?
– ग्रामपंचायत सदस्य, ता. तासगाव

सोलर जरा थांबू द्या. आधी मागच्या 12 महिन्यांची सगळी बिलं काढा आणि ग्राहक क्रमांकानुसार मांडा. बंद पडलेल्या विहिरीवरची चालू जोडणी, मीटर नादुरुस्त म्हणून येणारं सरासरी बिल, चुकीची दरवर्गवारी हे सगळं इथेच सापडतं. त्याला निधी लागत नाही, महावितरणच्या उपविभागात अर्ज लागतो.

मग दिवे. 70 वॅटचा जुना सोडियम दिवा चोकसकट 85 वॅट खातो. असे 150 दिवे रात्री 11 तास जळले तर वर्षाला सुमारे 51,000 युनिट होतात. तिथे 24 वॅटचे एलईडी लावले की साडेचौदा हजार. युनिटला 8 रुपये धरले तर वर्षाला 2 लाख 90 हजार वाचले. फिटिंग 2,500 रुपयांना पडलं तरी पावणेचार लाखांचा खर्च सव्वा वर्षात वसूल. दर आणि दिव्यांची संख्या तुमची घाला, हिशोब हाच.

पंपाकडे मात्र कुणी बघत नाही, आणि विजेची मोठी गळती तिथेच असते. पंप किती पाणी चढवतो ते मोजताना टाकीतून गावाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर आकडा फसतो. टाकीतली पातळी तासाभरात किती चढली ते मोजा. समजा सेकंदाला 8 लिटर पाणी पडतंय आणि पाइपातल्या घर्षणासकट उचल 50 मीटर आहे, तर प्रत्यक्ष कामाला 3.9 किलोवॅट पुरतात. मीटर 9.8 किलोवॅट दाखवत असेल तर कार्यक्षमता 40 टक्के झाली. इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) झिजलाय, किंवा मोटर उगाच मोठी बसवलीय. चांगला संच 55 टक्क्यांनी चालला तरी तेवढंच पाणी 7.1 किलोवॅटमध्ये चढतं.

आता पैसा. पंधराव्या वित्त आयोगात (2021 ते 2026) 60 टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला 40 टक्के अबंधित. पंपाचं काम बंधितमध्ये बसायचं, दिव्यांचं अबंधितमध्ये. पुढच्या निधीच्या अटी पंचायत समितीत तपासून घ्या. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर खर्च टाकता येत नाही, म्हणून ग्रामसभेआधीच अंदाजपत्रक तयार ठेवा.

तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राम विकास निधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या उत्पन्नाचा पाव टक्का त्यात भरते आणि जिल्हा परिषद त्यातून ग्रामपंचायतींना कर्ज देते. वर्षानुवर्षं भरणा करून एकदाही कर्ज न मागणारी गावं खूप आहेत. दिव्यांची बचत दाखवून मागितलं तर परतफेडीचा प्रश्नच राहत नाही.

एक गोष्ट ठरावातच लिहा : वाचलेली रक्कम वेगळ्या लेखाशीर्षात जमा होईल, आधी हप्ता, मग दुरुस्ती, मग पुढचं काम. हे केलं नाही की बचत ग्रामनिधीत विरघळते आणि तिसऱ्या वर्षी एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) बदलायला पैसे नसतात.

सोलर शेवटी. किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला 4 युनिट मिळतात. साध्या नेट मीटरमध्ये (सोलरची वीज बिलातून वजा करणारा मीटर) वजावट ज्या ग्राहक क्रमांकावर जोडणी, त्याच बिलात. ग्रामपंचायत कार्यालयाच्या छतावरचं सोलर म्हणूनच पंपाचं बिल कमी करत नाही. पॅनेल पंपघराच्या जोडणीवर घ्या आणि पंप दिवसा चालवा. गळीत हंगामात कारखान्याजवळच्या गावात काचेवर काजळी बसते, आठवड्याला धुवा. बोअरचं जड पाणी वापरलंत तर पांढरे डाग राहतात.

प्रश्न : एका कंपनीचा प्रस्ताव आलाय. दिवे तिच्या खर्चानं बदलणार, हप्ते बचतीतून घेणार. करार करावा का? की कर्जरोखे काढावेत?
– नगरसेविका, वाई

कर्जरोखे मोठ्या शहरांना परवडतात. इंदूर महापालिकेनं 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) 8.25 टक्के व्याजानं काढले, जलूदच्या 60 मेगावॅट सौर प्रकल्पासाठी. पुण्यानं 2017 मध्ये पाण्यासाठी 200 कोटींचे. पतमानांकन, लेखापरीक्षण आणि सल्लागारांचा खर्च छोट्या नगरपरिषदेला झेपत नाही.

करार करा, पण भांडण कुठे होतं ते आधी ओळखून. बचत कशाच्या तुलनेत मोजायची, इथेच. कागदावर 1,200 दिवे आणि प्रत्यक्ष जळणारे 900 असतील, तर सगळे नवे दिवे लागल्यावर बचत कागदापेक्षा कमी भरते आणि हप्ता मात्र पूर्ण जातो. म्हणून करारापूर्वी रात्री खांबनिहाय मोजणी, दोघांच्या सह्यांनी. प्रत्येक स्विच पॉइंटला (जिथून दिव्यांची एक रांग चालू-बंद होते) मीटर. विजेचा अचानक उसळणारा दाब अडवणारं 10 केव्हीचं सर्ज संरक्षण आणि धूळ-पाणी आत न जाणारं आयपी 66 फिटिंग; वळवाच्या विजांत स्वस्त ड्रायव्हर पहिल्याच पावसात जातात. 48 तासांत दिवा सुरू झाला नाही तर दिव्यामागे रोजचा दंड, थेट हप्त्यातून वजा. दरवाढ झाली तर वाढीव बचत कुणाची, तेही लिहून घ्या.

प्रश्न : पाटणच्या मान्याचीवाडीसारखी आमची वाडी सौर करायचीय. सोलर पथदिवे घ्यावेत का?
– उपसरपंच, ता. जावळी

मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं, ते घरांच्या छतांवर. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. पीएम सूर्यघर योजनेत घराला 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. बसवलेल्या प्रत्येक घरामागे ग्रामपंचायतीला 1,000 रुपये प्रोत्साहन मिळतं. त्याच योजनेतलं आदर्श सौरग्रामाचं 1 कोटीचं बक्षीस 5,000 च्या वरच्या लोकवस्तीसाठी आहे, वाडीनं त्यावर अंदाजपत्रक मांडू नये. वीज उपकेंद्राजवळ गायरान असेल तर शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 बघा : गावात प्रकल्प उभा राहिला तर ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख याप्रमाणे 3 वर्षांत 15 लाख.

सोलर पथदिवे, जिथे विजेचा खांब आहे तिथे नकोत. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर बॅटरी पुरती भरत नाही, अर्धवट चार्जवर ती लवकर मरते आणि नवी आणायला तरतूद नसते. खांब नसलेल्या स्मशानवाटेला किंवा पाणवठ्याला दोन-चार घ्या, बॅटरीच्या पैशासकट.