तुझ्यावाचून अडता कामा नये

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. आईजवळ धुळ्याला दवाखान्यात होतीस तेवढे दिवस अभ्यासिकेला कुलूप राहिलं, परत आलीस तर पोरं तुझ्यावरच चिडली, आणि आता विचारतेस की सोडून देऊ की एकटीनेच ओढत राहू. वर स्पायडरमॅनचा दाखला देतेस: त्याच्या मदतीला तरी कोण होतं?

तू कष्टाळू आहेस, प्रामाणिक आहेस, हे सांगत बसत नाही. दाखला मात्र चुकीचा निवडलास. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी उभा केलेला तो पोरगा एकटा आहे, कारण त्याच्याजवळ गुपित आहे. ज्या काकूने वाढवलं तिलाही तो सांगू शकत नाही. पळणाऱ्या चोराला त्याने अडवलं नाही, त्याच चोराने पुढे काकांचा जीव घेतला, ते ओझं घेऊन तो राबतो. तुझं काय गुपित आहे, बाई? इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी टाकायचं, हे? किल्ली एकच, ती तुझ्या पर्समध्ये. वर्गणीची वही तुझ्या घरी. वीजबिलाचा मेसेज तुझ्या मोबाइलवर. कुणाला काही कळूच दिलं नाहीस, मग येणार कोण?

तुझ्यावाचून काम अडता कामा नये. पुढारपणाची माझ्याकडे एवढी एकच कसोटी आहे.

आमच्या वयाच्या लोकांचा नायक म्हणजे कॉमिक्समधला वेताळ, इंग्रजीतला फँटम. ली फॉकने त्याला १९३६ मध्ये जन्माला घातलं आणि १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सने त्याच्या गोष्टी आपल्याकडे छापल्या. एकच अंक आम्ही पाळीपाळीने वाचायचो, कव्हर निघून जाईपर्यंत. जंगलातल्या लोकांना वाटतं हा मरतच नाही. खरं तर तो एकविसावा आहे. बाप गेला की मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, तोच पोशाख चढवतो. आणि प्रत्येक वेताळाने आपल्या काळात काय घडलं ते कवटीगुहेतल्या जाडजूड वह्यांत लिहून ठेवलेलं असतं. पिस्तुलं, घोडा, लांडगा सगळं ठीक आहे, पण खरी ताकद त्या वह्यांची. गादी बापाकडून मुलाकडेच जावी हे मला मान्य नाही, कधीच नव्हतं. वही मान्य आहे.

आपल्या पांझरा नदीकडे बघ. फडाची पद्धत शेकडो वर्षं चालली ती कोणा एका शूर माणसाच्या जिवावर नाही. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे सगळ्यांच्या शेतांचे मोठे तुकडे. कुठल्या फडात ऊस, कुठल्या फडात हंगामी पीक, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी पाटकरी देणार, पीक जागल्या राखणार. शेतकरी कितीही मोठा असो, पाण्याला त्याने हात लावायचा नाही. पाटकरी बदलले, पंच बदलले, पाणी चालत राहिलं. पुढे वर धरणं झाली, विहिरी-बोअर झाल्या आणि बरेच फड मोडले, ते दुखणं वेगळं.

आमच्या पाणीसंस्थेचं अध्यक्षपद मी सोडलं तेव्हा पारावर बोललं गेलं, ऐन रब्बीत आप्पा पळाला. मी पळालो नव्हतो. पाण्याच्या पाळीची वही वर्षभर दोन तरुणांकडून लिहून घेतली होती, बांधावरची भांडणं मिटवायला त्यांनाच पुढे बसवलं होतं. त्यांच्या पहिल्याच पाळीला घोळ झाला, शेवटच्या टोकाला पाणी फार उशिरा पोचलं. लोक माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी उठलो नाही. त्या टोकाला माझ्या थोरल्या भावाचा गहू होता. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं आणि तो जाईपर्यंत आमच्यात पहिल्यासारखं कधी झालं नाही. हे मला आजही डाचतं. पण त्या दिवशी उठलो असतो तर त्या दोन पोरांच्या शब्दाला गावात कवडीची किंमत राहिली नसती. आज तीच वेळ आली तरी मी उठणार नाही. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

तेव्हा सोडू की राहू, हा प्रश्न आज बाजूला ठेव. आधी तुला निर्धास्त सोडता येईल अशी अभ्यासिका कर, मग राहायचं तर खुशाल राहा. चार किल्ल्या करून घे. वही तिथेच टेबलावर राहू दे. सुरुवातीला हिशेबात पाच-पन्नास रुपये इकडचे तिकडे होतील, कुणी रात्रभर पंखा चालू ठेवून जाईल. जाऊ दे. धावत जाऊन बटण बंद करशील तर पुढची पाच वर्षं तूच बंद करत बसशील. तुझ्यावाचून अडता कामा नये, पोरी, हे मी तुला कितीदा सांगू?

आईच्या गोळ्या वेळेवर दे, स्वतःही पोटभर जेवत जा. तुझ्या आवाजातला थकवा फोनवरसुद्धा लपत नाही.

आणि अभ्यासिकेचं पुढचं पत्र तुझ्या हातचं नको. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन दाराशी थांबणारी जी मुलगी आहे म्हणालीस, तिला लिहायला सांग.

तुझे,
आप्पा