पहिली होडी: फायबर की ॲल्युमिनियम?

खाडीत हौसेने गळ टाकायला १५-१६ फुटी होडी हवी असेल तर फायबरची घ्या. खाऱ्या पाण्याने गंजत नाही आणि डागडुजी किनाऱ्यावरच होते. जुनी घेताना ताज्या रंगाला भुलू नका. इंजिन अडकवतात ती मागची फळी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर बोल्टच्या भोकांतून पाणी मुरून आतलं प्लायवूड कुजलंय. सोडून द्या.

ॲल्युमिनियम हलकं, कातळावर आपटलं तर बहुधा पोचा येऊन भागतं. पत्रा मात्र ५०५२ किंवा ५०८३ दर्जाचाच हवा (हे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या मिश्रधातूंचे क्रमांक). तळाला तांबंयुक्त रंग अजिबात नको, पत्र्याला भोकं पडतात. स्टीलच्या बोल्टखाली नायलॉनचा वॉशर घाला, म्हणजे दोन धातू एकमेकांना टेकून पत्रा गंजणार नाही.

लाकडी होडी देखणी, पण दरसाल तळ खरवडून तेलपाणी करायची तयारी आहे का?