लहान मंडळीत सेवेला माणसं पुढे येत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, साठ घरांची, रविवारी शंभर-सव्वाशे माणूस, आणि शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा बायबलवर्ग), अर्पण, सजावट, प्रीतिभोजन सगळ्याला तीच पाच माणसं. नवी माणसं कशी जोडावीत आणि व्हॉट्सअॅप ग्रुप काढावा का, असं विचारलंय. आमची मंडळीही नगरकडची, एवढीच. माणसं नाहीत हे मला पटत नाही. एकदा हो म्हटलं की पुढं सुटका नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून ती गप्प बसतात.

प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत सगळ्यांना भाकर आणि द्राक्षरस देतात त्या विधीची, तयारी घ्या. बाकावर बसून बघणाऱ्याला ते दहा मिनिटांचं काम वाटतं. शुक्रवारी रात्री अर्धा किलो काळे मनुके धुऊन दोन लिटर पाण्यात भिजत घालायचे. शनिवारी उकळायचे, कुस्करायचे, गार करून फडक्यातून दोनदा गाळायचे. एकदाच गाळलं तर गाळ राहतो आणि प्याल्यात काळे कण तरंगतात. एका ट्रेमध्ये चाळीस प्याले बसतात, तीन ट्रे लागतात. प्याल्याला १२ मिली धरले तर १२० प्याल्यांना जवळजवळ दीड लिटर रस. त्याहून जास्त भरला तर ट्रे हातोहात फिरताना रस सांडतो आणि मेजावरच्या पांढऱ्या कापडाचा डाग जाता जात नाही. भक्ती (रविवारची उपासना) सुटली की लगेच प्याले गरम पाण्यात टाकावे लागतात. दुपारपर्यंत तसेच राहिले तर तळाला चिकट थर बसतो आणि पुढच्या महिन्यात कपाट उघडलं की आत मुंग्यांची रांग.

आमच्याकडे हे सगळं एका मावशींनी चौदा वर्षं एकटीनं केलं. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला, प्रमाण त्यांच्या डोक्यात. एका शनिवारी न्हाणीघरात घसरून त्यांचं मनगट मोडलं. रविवारी सकाळी घरच्यांना किल्ली सापडेना, कुलूप फोडावं लागलं आणि रसाऐवजी दुकानातलं सरबत मेजावर आलं. ते एक वेळ चालून गेलं. खरी जखम नंतर झाली. प्लास्टर निघाल्यावर मावशी मनुक्यांची पिशवी घेऊन शनिवारी आल्या, तर कमिटीनं काम तरुण संघाला देऊन टाकलेलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. ‘आता आराम करा मावशी’ एवढंच. दोन रविवार त्या मागच्या बाकावर बसल्या, नंतर यायच्याच बंद झाल्या. पाळकसाहेब (पास्टर) घरी गेले तेव्हा मावशींनी एकच विचारलं, ‘माझं काय चुकलं तेवढं सांगा.’ पुढं त्या भक्तीला येऊ लागल्या, पण त्या कपाटाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

यात दोन चुका आहेत. चौदा वर्षं त्यांच्या जोडीला दुसरं माणूस दिलं नाही. आणि सुटका करायची वेळ आली तेव्हा ती काढून टाकल्यासारखी केली. म्हणून प्रत्येक कामाला दोन नावं हवीत, एक करणारा आणि एक शिकणारा. मुदत एक वर्ष, वार्षिक सभेपासून वार्षिक सभेपर्यंत. मुदत संपली की भक्तीत नाव घेऊन आभार मानायचे आणि नव्या माणसाला शिकवायचं काम जुन्याकडंच द्यायचं. किल्ल्या दोन. प्रमाण आणि क्रम पुठ्ठ्यावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा. सगळी यादी चिटणीसाकडं असू द्या, पाळकांकडं नको. त्यांची बदली झाली की त्यांच्या शब्दाखातर उभी राहिलेली माणसं महिन्याभरात बसतात.

माणूस मागायचा तो वेदीवरून सूचना वाचून मिळत नाही. सगळ्यांना सांगितलं की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला सांगितलं. घरी जा. ‘मदत कराल का’ हा प्रश्न नको. ‘जून ते नोव्हेंबर, दुसरा आणि चौथा रविवार, नऊ ते सव्वादहा, पाच-सात वर्षांची दहा मुलं, सोबत अमक्या ताई’ असं सांगा, आणि नाही म्हणायला आठवडा द्या. पाळ्यांचा तक्ता तीन महिन्यांचा करा. दहावी-बारावीची मुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये घालू नका. ज्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नसते त्यांना शनिवारची झाडलोट, फुलं, प्याले द्या. असे लोक आनंदानं येतात, त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं.

आता खर्चाचं. ‘सेवेचे कसले पैसे?’ हे मी कमिटीत वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि मला ते साफ चूक वाटतं. पगार नको, खर्च द्या. चार्ट पेपर, स्केचपेन, झेरॉक्स, रिक्षा मिळून शब्बाथशाळेच्या शिक्षिकेचे महिन्याला दोन-तीनशे सहज जातात. पगारदार घराला ते जड नाही. रोजंदारीवर जाणारी बहीण तेवढ्यासाठी पुढे येत नाही आणि आपण म्हणतो, तेच ते लोक. हजार रुपये चिटणीसाकडं वेगळे ठेवा, पावती किंवा साध्या चिठ्ठीवर पैसे द्या, महिनाअखेर खजिनदाराची सही घ्या. जुन्या माणसांची भीती मला कळते. अमेरिकन मराठी मिशन ही धर्मप्रसारकांची संस्था नगरला १८३१ मध्ये आली, पुढं कित्येक पिढ्या शिक्षक आणि घरोघरी बायबल सांगणाऱ्या बायबल-बाया मिशनच्या पगारावर होत्या. पुन्हा पैसा शिरला की सेवा बाटेल असं त्यांना वाटतं. पण शंभर रुपयांची झेरॉक्स म्हणजे पगार नव्हे.

‘विश्वास कमी झालाय म्हणून माणसं येत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुन्हा वाचावा. रोजच्या वाटपात काही विधवा वगळल्या जात होत्या. प्रेषितांनी कुणाच्या विश्वासाला बोल लावला नाही, त्याच कामासाठी सात माणसं नेमली. मोशेला त्याचा सासरा इथ्रोनं निर्गमाच्या अठराव्या अध्यायात हेच सांगितलं, एकटा हे ओढशील तर तूही थकशील आणि लोकही थकतील.

दोन बाबतींत मात्र माणूस कमी आहे म्हणून सवलत घेऊ नका. अर्पण मोजायला दोघं, एका घरातले नकोत, आणि वहीवर तिथल्या तिथं दोघांच्या सह्या. मुलांच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. दुसरं माणूस आलं नाही तर त्या रविवारी वर्ग मोठ्यांबरोबर बसवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळला तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते कमिटीत मिटवता येत नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुप काढा, पण गुरुवारी संध्याकाळी पाळीची आठवण द्यायला. माणूस मागायला नको. हे सगळं आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट मंडळीला धरून लिहिलंय, वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) रचना वेगळी असते. आणि वीस घरांची मंडळी असेल तर कामंच कमी करा, सगळं चालवायचा अट्टहास नको.

पुठ्ठ्यावरचं प्रमाण मात्र याच शनिवारी लिहा. ते काम आज करणाऱ्या बाईंसमोर बसून, त्या सांगतील तसंच.